वर्तणूक-जामीन : प्रस्तावना

सिल्लोडहून जिल्ह्याच्या शहराकडे जाणारा रस्ता भवन, आळंद, फुलंब्री ही गावे ओलांडून शहराच्या वेशीशी पोहोचतो तेव्हा तो हर्सूलवरून जातो, आणि हर्सूल येथे मध्यवर्ती कारागृह आहे; त्यामुळे या तालुक्यात ‘त्याची रवानगी हर्सूलला झाली’ एवढे म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही. फौजदारी खटल्याचा शेवट एक तर हर्सूलला होतो, नाही तर निर्दोष सुटण्यात होतो, अशीच येथील सर्वसाधारण समजूत आहे. या दोहोंच्या मध्ये कायद्याने एक तिसरी वाट ठेवली आहे. गुन्हा शाबीत झाल्यावरही शिक्षा न सुनावता न्यायालय आरोपीला चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर, देखरेखीखाली, घरी पाठवू शकते; हीच परिवीक्षा. परंतु ज्याला या वाटेने घरी पाठवले जाते त्यालाही ती पुष्कळदा नीट उमगलेली नसते. वकिलाने दाखवले तेथे त्याने अंगठा किंवा सही केलेली असते, आणि गावात येऊन तो ‘सुटलो’ म्हणून सांगतो. फिर्यादीच्या कानावरही तोच शब्द जातो. ज्याची वस्तू गेली किंवा ज्याचे डोके फुटले तो मनुष्य त्या दिवशी न्यायालयात हजरही नसतो, कारण साक्ष झाली तेव्हाच त्याचे काम संपले होते. एकाच शिवारात, कित्येकदा एकाच गल्लीत राहणाऱ्या या दोन माणसांनी पुढील दोन-तीन वर्षे एकमेकांसमोरून कसे जावे-यावे, याविषयी हुकुमात अवाक्षर नसते. प्रस्तुत पुस्तक या उणिवेविषयी आहे. परिवीक्षेवर सोडलेल्या अपराध्याला ज्याचा अपराध केला त्याच्यासमोर आणून, झालेल्या हानीचा हिशेब दोघांच्या तोंडून करवून, तो चुकता करण्याची जबाबदारी अपराध्यावर टाकणारी जी न्यायपद्धती जगात गेली पन्नास वर्षे पुनर्स्थापक न्याय या नावाने वाढत आली आहे, तिचे आपल्या परिवीक्षेशी काय नाते असावे, आणि त्या नात्याने मनुष्य पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचे काही कमी होते की नाही, याचा विचार पुढील प्रकरणांत केला आहे.

परिवीक्षेची कल्पना न्यायाधीशांच्या किंवा पंडितांच्या डोक्यातून निघाली नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरी १८४१ साली जॉन ऑगस्टस नावाच्या एका जोडे बनवणाऱ्या कारागिराने दारूच्या व्यसनापायी पकडल्या गेलेल्या एका मनुष्याचा जामीन भरला, काही दिवसांनी त्याला सुधारलेल्या अवस्थेत न्यायालयापुढे उभे केले, आणि मग हाच उद्योग मरेपर्यंत, म्हणजे १८५९ पर्यंत, शेकडो माणसांसाठी चालू ठेवला. इंग्लंडात यासंबंधीचा कायदा १९०७ साली झाला. आपल्याकडे मुंबई इलाख्यात १९३८ साली आणि सबंध देशासाठी १९५८ साली. अपराधी परिवीक्षा अधिनियम या नावाचा हा १९५८ चा कायदा अवघ्या एकोणीस कलमांचा आहे. तिसऱ्या कलमान्वये किरकोळ अपराधांत केवळ समज देऊन सोडता येते. चौथ्या कलमान्वये, मृत्युदंड किंवा आजन्म कारावास ज्याला सांगितलेला नाही अशा कोणत्याही अपराधात तीन वर्षांपर्यंतच्या मुचलक्यावर सोडता येते, आणि देखरेखीचा हुकूम केल्यास ती एक वर्षाहून कमी असू नये असा दंडक आहे. सहाव्या कलमान्वये एकवीस वर्षांखालील तरुणाला तुरुंगात धाडायचे झाल्यास न्यायालयाला त्याची कारणे लिहून ठेवावी लागतात. बाराव्या कलमाने तर आणखी एक पाऊल टाकले आहे: परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता चिकटू नये. कायदा उदार आहे, यात शंका नाही. मुचलक्याच्या अटी पहिल्यांदा मोडल्या तर न्यायालय नुसता दंडही करू शकते, आणि त्या दंडाची कमाल मर्यादा पन्नास रुपये ही आजही कायद्यात जशीच्या तशी आहे.

परंतु या उदार कायद्यात अपकृत मनुष्य, म्हणजे ज्याचा अपराध झाला तो, कोठे आहे? तो पाचव्या कलमात आहे, जेथे न्यायालय ‘योग्य वाटल्यास’ त्याला नुकसानभरपाई देववू शकते. आणि चौदाव्या कलमात आहे, जेथे परिवीक्षा अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत, अपराध्याला ही भरपाई फेडण्याच्या कामी सल्ला व साहाय्य द्यावे, असे एक कर्तव्य नमूद आहे. या दोन जागा सोडल्या तर संपूर्ण अधिनियम हा शासन आणि अपराधी या दोघांमधला करार आहे. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून आलेल्या एका अपिलात या कायद्याचा मोठा गौरव केला आणि सोळा वर्षांच्या एका मुलाला त्याचा लाभ देण्याचा विचार व्हावा म्हणून प्रकरण परत पाठवले. निर्णय माझ्या मते बरोबर होता. पण त्या मुलाचा अपराध एका सात वर्षांच्या मुलीशी केलेल्या दुर्वर्तनाचा होता. त्या मुलाच्या सुधारणेविषयी आपल्या विधिवाङ्मयात गेली साठ वर्षे पाने भरली आहेत. त्या मुलीचे पुढे काय झाले, तिला कोणी काही विचारले काय, हा प्रश्न त्या पानांत उपस्थितच होत नाही. हा दोष कोणा एका न्यायमूर्तीच्या माथी मारण्यासारखा नाही. कायद्याची रचनाच अशी की त्यात तिला बसायला जागा नव्हती.

आमच्याकडे पूर्वी असे नव्हते, असे म्हणण्याचा मोह येथे अनेकांना होतो, आणि त्या म्हणण्यात थोडे तथ्यही आहे. मराठेशाहीत गोतसभेपुढे वाद गेला की आधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा, म्हणजे निवाडा मानण्याची कबुली, आणि जामीन घेतले जात. त्यांत हजर राहण्याविषयी हाजीरजामीन असे, तसाच निवाड्याप्रमाणे वागण्याविषयी वर्तणूकजामीन असे, आणि निवाडा झाल्यावर जिंकणाऱ्याला जयपत्र व हरणाऱ्याकडून हार कबूल करणारे यजितपत्र लिहून होई. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर लिहिलेल्या ग्रंथात या कागदपत्रांचा तपशील आला आहे. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलुखाविषयी जो अहवाल लिहिला त्यात, चोरीचा माग ज्या गावाच्या शिवेत जाऊन थांबे त्या गावाने एक तर माग पुढे काढून द्यावा नाही तर मालाची भरपाई करावी, या रिवाजाची दखल घेतलेली आहे. सिल्लोडचा हा भाग तोवर निजामाकडे गेला होता, कारण असईच्या लढाईनंतर १८०३ च्या अखेरीस झालेल्या तहाने अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेचा शिंद्यांचा मुलूख हातचा गेला. तथापि गावगाडा डोंगराच्या दोन्ही अंगांना एकच होता. पुढे निजामी अंमलात अदालतीचे कामकाज उर्दूत चाले, आणि कुणब्याची जबानी त्याला वाचता न येणाऱ्या लिपीत उतरवली जाई. घाट उतरून खानदेशात गेले की मुंबई इलाखा लागे, जेथे परिवीक्षेचा कायदा १९३८ सालीच झाला होता. घाटावरच्या माणसाला या बाबतीत निदान देश स्वतंत्र होऊन हैदराबाद मुक्त होईपर्यंत वाट पाहावी लागली.

मात्र गोतसभेचे गोडवे गाताना, तेथे बसत कोण असे, हे विसरून चालणार नाही. पाटील, कुलकर्णी, वतनदार बलुते पंक्तीने बसत, आणि ज्याच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्याचा न्याय त्याच्या गैरहजेरीत, किंवा वेशीबाहेर उभे करून, होई. जातपंचायतींनी तर परवापरवापर्यंत दंड, वाळीत आणि त्याहून अमानुष शिक्षा ठोठावल्या आहेत. महाराष्ट्राला २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला आणि तो २०१७ पासून अंमलात आला, ही गोष्ट काही भूषणाची नाही. म्हणून पुनर्स्थापक न्याय म्हणजे जुन्या पंचांचे पुनरागमन, असे कोणी समजत असेल तर त्याने हे पुस्तक येथेच मिटवावे. पंचांपुढे दुर्बळाला गप्प करणारी जी तडजोड होते तिच्यात पुनर्स्थापना कसलीच नसते. तेथे केवळ अपराध पुन्हा एकदा, साक्षीदारांसमक्ष, घडतो. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या १९८९ च्या कायद्याखालील फिर्याद मागे घ्यावी म्हणून गावकीने फिर्यादीच्या घरी जी बैठक भरवावी, तिला समेट म्हणणे ही भाषेची विटंबना होय.

आता या तालुक्यात न्यायालयापुढे येणारे साधे प्रकरण घेऊ. सिल्लोडची काळी जमीन कापसाची आणि मक्याची. पण गेल्या काही दशकांत येथील शेतकऱ्याला रोख पैसा दाखवला तो हिरव्या मिरचीने. चैत्र-वैशाखात, विहिरीने तळ गाठलेला असताना, ठिबकाच्या आणि आच्छादनाच्या आधाराने ही उन्हाळी मिरची लावतात, आणि पाऊस पडून इतरांचा माल बाजारात येण्याच्या आत तिचा पहिला तोडा साधला तर वर्ष निघते. अशा वैशाखात एखाद्याच्या विहिरीवरील मोटार आणि केबल एका रात्रीत चोरीला जाते. पोलीस ठाण्यात फिर्याद होते, पंचनामा होतो, दैव बरे असेल तर मुद्देमाल सापडतो आणि सुपुर्दनाम्यावर फिर्यादीला परतही मिळतो. कागदोपत्री चोरी आठ-दहा हजारांची. परंतु मोटार पोलिसांच्या ताब्यात असलेल्या आठवड्यांत रोपे करपून गेलेली असतात. उधारीने आणलेल्या बियाण्याचे, खताचे, आच्छादनाच्या कागदाचे पैसे दुकानदाराच्या वहीत तसेच असतात. घरातली लेकीची सोयरीक पुढल्या सालावर गेलेली असते. यातले काहीही दोषारोपपत्रात येत नाही. चोर बहुधा शेजारच्याच गावचा, वीस-बावीस वर्षांचा, भंगारवाल्याने तांब्याचा भाव सांगितला म्हणून केबलवर कोयता चालवणारा. त्याच्या हिशेबी त्याने काही शे रुपयांचे तांबे नेले. एका माणसाचे वर्ष नेले, हे त्याला ना पोलिसांनी सांगितले, ना न्यायाधीशांनी; आणि ज्याने सांगावे त्याची व त्याची गाठ घालून देण्याची तजवीज कोठेच नाही. अशा तरुणाला प्रथम अपराधी म्हणून परिवीक्षेवर सोडणे सर्वथैव योग्य आहे. पण त्याने मुचलका लिहून दिला तो शासनाला. ज्याची मिरची वाळली त्याला त्याने काय लिहून दिले?

नेमका हाच प्रश्न कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात एका परिवीक्षा अधिकाऱ्याला पडला, आणि तेथून या चळवळीची आधुनिक कथा सुरू होते. एल्मायरा या छोट्या गावात १९७४ साली दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्री बावीस ठिकाणी मोडतोड केली. न्यायालयाला अहवाल देण्याचे काम मार्क यान्झी यांच्याकडे होते. मेनोनाइट या शांततावादी पंथाच्या सेवाकार्यात असलेल्या डेव्ह वर्थ यांच्याशी विचारविनिमय करून त्यांनी न्यायाधीशांना सुचवले की या मुलांनी ज्यांचे नुकसान केले त्यांच्या घरी जाऊन त्यांना भेटावे. कायद्यात असे काही नव्हते; तरी न्यायाधीशांनी ते मान्य केले. मुले दारोदार गेली, बरोबर अधिकारी वहीपेन्सिल घेऊन गेले, प्रत्येक घरी नुकसान ऐकून लिहून घेतले, आणि काही महिन्यांत मुलांनी ठरलेली रक्कम फेडली. ही सुरुवात कोणा तत्त्वज्ञाकडून झाली नाही, ती परिवीक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावरून झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण आपल्याकडेही ती व्हायची असेल तर त्याच टेबलावरून होईल. तत्त्वज्ञान मागाहून आले. नॉर्वेच्या निल्स क्रिस्ती यांनी १९७७ साली असे प्रतिपादन केले की तंटा ही तंटणाऱ्यांची मालमत्ता असून वकिलांनी आणि शासनाने ती त्यांच्यापासून हिरावून घेतली आहे. न्यूझीलंडने १९८९ साली मुलांच्या व तरुणांच्या अपराधांसाठी कुटुंबसभेची पद्धत कायद्यातच घातली, आणि तिच्यामागे माओरी समाजाची गोतावळ्यासह बसून निवाडा करण्याची रीत होती. त्याच साली ऑस्ट्रेलियातील जॉन ब्रेथवेट यांनी आपल्या ग्रंथात लज्जेचा विचार मांडला: जी लाज मनुष्याला कायमची बाहेर काढते ती त्याला पुन्हा गुन्ह्याकडे लोटते, आणि जी लाज आपल्याच माणसांसमोर वाटून नंतर त्याच माणसांकडून पुसली जाते ती त्याला गुन्ह्यापासून परावृत्त करते. चारचौघांत मान खाली जाणे म्हणजे काय, हे ज्याच्या हाडीमाशी खिळले आहे त्या आपल्या खेडुताला हा सिद्धांत समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. गरज आहे ती त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागाची, म्हणजे लाज पुसण्याच्या रीतीची.

या पद्धतीने अपराधाची पुनरावृत्ती कमी होते काय? या प्रश्नावर उत्साही लोक फार बोलतात, म्हणून थोडे सावधपणे लिहितो. कॅनबेरा येथे १९९५ पासून, आणि नंतर इंग्लंडात, चिठ्ठ्या टाकून निम्मी प्रकरणे नेहमीच्या न्यायालयाकडे आणि निम्मी समोरासमोरच्या बैठकीकडे पाठवून प्रयोग करण्यात आले. अशा दहा प्रयोगांचा हेदर स्ट्रँग व लॉरेन्स शेरमन प्रभृतींनी २०१३ साली एकत्र आढावा घेतला, आणि पुनरपराधात घट होते, पण ती माफक असते, असा निष्कर्ष काढला. इंग्लंडातील प्रयोगांचे मूल्यमापन करणाऱ्या जोआना शॅपलँड यांच्या २००८ च्या अहवालात दोन वर्षांतील पुन्हा दोषी ठरण्याच्या वारंवारतेत सुमारे १४ टक्के घट नोंदवली आहे. चौदा टक्के म्हणजे चमत्कार नव्हे. पण या आकड्यांच्या पोटात दोन गोष्टी आहेत, त्या आकड्यांहून बोलक्या आहेत. पहिली अशी की हिंसक अपराधांत परिणाम अधिक आणि मालमत्तेच्या अपराधांत कमी दिसला. ‘किरकोळ असेल तर मिटवा, गंभीर असेल तर न्यायालयात न्या’ या आपल्या व्यवहारज्ञानाच्या हे अगदी उलट आहे. दुसरी अशी की कॅनबेरात दारू पिऊन वाहन हाकणाऱ्यांवर या बैठकांचा काही चांगला परिणाम दिसला नाही. आणि त्या बैठकांत कोणी जखमी, कोणी अपकृत असा समोर बसलेलाच नव्हता. यावरून मी तरी असे समजतो की गुण बैठकीचा, वर्तुळाकार मांडलेल्या खुर्च्यांचा किंवा समुपदेशकाच्या मधुर वाणीचा नाही. तो समोर बसलेल्या माणसाचा आहे. शिवाय त्या समोरच्या माणसाला या भेटीने काय लाभले, हे वेगळे मोजावे लागते. आणि तेथे हे प्रयोग अधिक निःसंदिग्ध आहेत, कारण भेटीला आलेल्या अपकृतांपैकी फार मोठ्या संख्येने समाधान व्यक्त केले. समजा उद्या सिद्ध झाले की पुनरपराधात काडीचा फरक पडत नाही, तरी मिरचीवाल्याला आपले गाऱ्हाणे योग्य माणसाला ऐकवता आले, एवढ्यासाठीदेखील ही पद्धत ठेवावी असे माझे मत आहे. ते सर्वांना पटेल असे नाही, आणि तिजोरी सांभाळणाऱ्यांना तर मुळीच नाही.

पुनरपराधाच्या मोजणीविषयी आणखी एक शंका नोंदवणे प्राप्त आहे. पुन्हा गुन्हा करणे आणि पुन्हा पकडले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याचे नाव ठाण्याच्या दप्तरात एकदा ‘सराईत’ म्हणून चढले, त्याच्या दारी प्रत्येक चोरीनंतर पहिली बॅटरी चमकते. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा करून जन्मालाच हा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांसाठी जो कायदा झाला त्याच्या आडोशाने जुनी नजर टिकून राहिली. मराठवाड्याच्याच मातीतून आलेल्या लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि शहरी वाचकाला प्रथमच कळले की चोर ठरवले गेलेल्या घरात पोलिसांची पावले कशी ऐकू येतात. पारधी, कैकाडी, वडार अशा विमुक्त व भटक्या वस्त्या आपल्याही जिल्ह्यात आहेत. परिवीक्षेवरचा पारधी तरुण आणि परिवीक्षेवरचा बागायतदाराचा मुलगा यांच्या पुनरपराधाची टक्केवारी एका तक्त्यात शेजारी-शेजारी मांडून निष्कर्ष काढणारा अभ्यासक पोलिसांची गस्त कोठे अधिक असते याचाच अभ्यास करीत असतो.

महाराष्ट्राने या दिशेने काहीच केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याच्या पुढाकाराने, १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत उभी राहिली. भिंती नसताना माणसे पळून गेली नाहीत, उलट शेती करू लागली, आणि गदिमांच्या लेखणीतून व शांतारामबापूंच्या कॅमेऱ्यातून १९५७ साली ती कथा ‘दो आँखे बारह हाथ’ होऊन देशभर गेली. आपल्या जिल्ह्यात पैठणचे खुले कारागृह त्याच विश्वासाच्या परंपरेतले आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९९० साली ‘प्रयास’ हा प्रकल्प सुरू केला. त्याने ठाणे, न्यायालय आणि तुरुंग या तिन्ही ठिकाणी प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसवून दाखवले. हे सर्व प्रयत्न अपराध्याच्या पुनर्वसनाचे. अपकृताला प्रत्यक्ष वर्तुळात घेण्याचा सर्वांत व्यापक प्रयत्न मात्र गृहखात्याने, कदाचित तसा संकल्प नसतानाही, केला तो २००७ सालच्या १५ ऑगस्टला सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ही कल्पना. गावोगाव ग्रामसभेतून समित्या झाल्या, दाखल तंट्यांच्या नोंदवह्या तयार झाल्या, बांधाचे, पाण्याचे, पांदण रस्त्याचे, भावकीच्या मारामारीचे वाद मिटवले गेले, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येच्या मानाने बक्षीस मिळू लागले. अनेक गावांत, ज्यांची बोलाचाली दोन पिढ्या बंद होती ते भाऊ एकमेकांच्या ओट्यावर बसले, ही गोष्ट खरी आहे.

तरीसुद्धा या मोहिमेतून शिकायचे ते तिच्या यशाइतकेच तिच्या घाईतूनही. बक्षीस होते ते तंटे मिटल्याच्या संख्येवर. हानी भरून निघाली की नाही, यावर नव्हते. ज्याच्या एका तंट्यामुळे गावाचे बक्षीस अडून बसले आहे असा मनुष्य समितीपुढे कितपत मोकळेपणाने बोलणार? शिवाय समिती तंटा मिटवते आणि उठते. ठरले तसे सहा महिन्यांनी पैसे दिले का, बांध पुन्हा कोरला का, दारू पिऊन तोच इसम पुन्हा त्याच दारी उभा राहिला का, हे पाहणे कोणाचे काम, ते कोठेच ठरलेले नाही. येथे परिवीक्षेची उपयुक्तता ध्यानात येते. तिच्याजवळ जे नाही ते समितीजवळ आहे, म्हणजे गाव. आणि समितीजवळ जे नाही ते तिच्याजवळ आहे: मुदत, देखरेख, आणि अट मोडल्यास परत बोलावणारे न्यायालय. या दोहोंची सांगड घालण्यास नवा कायदा लागत नाही. चौथ्या कलमाखालचा मुचलका, पाचव्याखालची भरपाई आणि चौदाव्याखालचे अधिकाऱ्याचे कर्तव्य ही तिन्ही एका हुकुमात आली की सांगाडा तयार होतो. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने तर चोरीच्या बाबतीत एक पायरी आपण होऊन चढली आहे: माल ५,००० रुपयांहून कमी किमतीचा असेल, अपराधी प्रथमच दोषी ठरला असेल, आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा सांगितलेली आहे. परत करणे ही अट शिक्षेच्या आधी आली, हे चांगले झाले; परत करताना कोणाच्या तोंडाकडे पाहायचे, हे अजून हुकूम लिहिणाऱ्यांच्या हाती आहे.

राहिला प्रश्न मनुष्यबळाचा. आपल्या राज्यात परिवीक्षेचे काम महिला व बालविकास खात्याकडे आहे. परिवीक्षा अधिकारी बसतो जिल्ह्याच्या ठिकाणी, सिल्लोडहून सुमारे ६५ किलोमीटरवर, आणि त्याच्याकडे बालकांची, निराधारांची, इतर योजनांची अशी शंभर कामे असतात. अशा अधिकाऱ्याने न्यायालयाच्या पत्रावरून एका गावी जावे, पोलीस पाटलाच्या ओट्यावर बसून चार माणसांना विचारावे आणि ‘वर्तणूक समाधानकारक’ असा शेरा लिहून संध्याकाळची बस पकडावी, यात त्याचा आळस नाही. एका माणसाला याहून अधिक शक्य नाही. तालुका विधी सेवा समितीचे विधी स्वयंसेवक, निवृत्त शिक्षक, अंगणवाडीतील ताई, आणि गावच्या राजकारणात ज्यांचे काही अडकलेले नाही अशी एक-दोन माणसे हाताशी धरून हे काम कसे उभे करता येईल, याचा तपशील या पुस्तकाच्या उत्तरार्धात आला आहे. भेटीपूर्वी दोन्ही बाजूंशी स्वतंत्रपणे, घाई न करता बोलणे हे त्यातले निम्म्याहून अधिक काम असते, आणि ज्यांना केवळ भेटीच्या दिवशी फोटो काढायचा आहे अशांचा त्यात उपयोग नाही.

एका बाबतीत मात्र तालुक्यातील वकील, पोलीस अधिकारी आणि समितीचे अध्यक्ष यांनी आधीच मनाची तयारी करून ठेवावी. पुष्कळ फिर्यादी ‘मला त्याचे तोंड पाहायचे नाही’ असे म्हणतील. बायका विशेषतः म्हणतील, आणि त्यांच्या तसे म्हणण्यामागे बहुधा गावाला ठाऊक असलेली पण गावाने न उच्चारलेली कारणे असतील. अशा वेळी समजूत घालायला मंडळी जाऊ नयेत. नकाराचे कारण विचारू नये, अहवालात लिहू नये, आणि त्या नकारामुळे आरोपीच्या परिवीक्षेचा अर्ज कमजोर होऊ देऊ नये. कारण भेटीवर सुटका अवलंबून आहे असे एकदा गावाला कळले की आरोपीचे सगळे गणगोत फिर्यादीच्या उंबऱ्यावर येऊन बसेल. भरपाईची रक्कम अशा प्रकरणात न्यायालयातच भरली जावी आणि तेथूनच फिर्यादीला मिळावी. पुढे वर्ष-सहा महिन्यांनी तिला किंवा त्याला वाटलेच, तर परिवीक्षेची मुदत संपेपर्यंत केव्हाही अधिकाऱ्याकडे एक चिठ्ठी पाठवून भेट मागता यावी, एवढी तरतूद हुकुमाच्या शेवटच्या ओळीत असावी.